काढलेल्या फुप्फुसात कॅन्सर निघाला, आता पुढे काय?

देवगडची_लेक

नमस्कार. मी देवगड तालुक्यातली. माझ्या बाबांची दोन्ही फुप्फुसं यंदा उन्हाळ्यात मुंबईत बदलली. बाबांचं वय ५८. आजार आयपीएफ, म्हणजे फुप्फुसं आकसत आणि कडक होत जातात तो.

बाबा बंदरावर लाँचच्या इंजिनांचे मिस्त्री. इथल्या कितीतरी ट्रॉलरची इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलीत. बिडी ओढायचे, खोकला लागला तशी सोडली. आधी जेटीवरून चढून येताना धाप लागायची, मग अंगणात, मग न्हाणीघरात जाऊन येईपर्यंत ओठ निळे पडायचे. शेवटी घरात ऑक्सिजनचं मशीन आणलं. आमच्याकडे वादळवारा सुटला की लाइट जाते ती तासन् तास येत नाही, म्हणून सिलिंडर भरून ठेवलेले असायचे आणि मी रात्रभर काट्याकडे बघत बसायची.

दाता मिळाला आणि ऑपरेशन झालं. बाबा आता नळीशिवाय बोलतात. मुंबईतल्या भाड्याच्या खोलीत स्वतः उठून चहा करतात. हे बघायला मिळेल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

आणि परवा फॉलोअपला एका ज्युनियर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की काढून टाकलेल्या जुन्या फुप्फुसात कॅन्सर सापडलाय. मोठे डॉक्टर पुढच्या आठवड्यात बोलतील म्हणाले. रिपोर्ट हातात दिला नाही. मी तशीच बाहेर आले आणि बाबांना म्हटलं, रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत.

फुप्फुसंच काढली तर कॅन्सरही गेला ना? की आधीच कुठे पसरला असेल? एवढे सीटी स्कॅन झाले, पेट स्कॅन झाला, मग कुणालाच दिसला कसा नाही? काका म्हणतात दात्याचंच काहीतरी खराब आलं असणार. आत्या म्हणते त्या प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या बंद करा, त्यांनीच कॅन्सर वाढतो. आणि बाबांना सांगायचं की नाही? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा. मला झोप नाही.

बंदरकर

गो बाय, तुझ्या बापाशीक मी वळखतंय काय ठावक नाय, पण देवगडाचो लाँचमिस्त्री म्हटल्यार आपलोच माणूस. एकच सांगतंय. गोळये बंद करू नको, कोणाचा आयकू नको. माझ्या भावाक किडनी बसवलेली. बरा वाटता म्हणान त्याना गोळये सोडल्यान आणि किडनी गेली. डॉक्टरांक विचारल्याबिगर एक गोळी पण हलवू नको. बाकीचा जाणकार सांगतले. सगळा बरा होतला.

दापोलीची_पॅथॉलॉजिस्ट

मुंबईच्या महापालिकेच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजी विभागात माझी नोकरी झाली, निवृत्तीनंतर दापोलीत असते. ऑपरेशनमध्ये काढलेले अवयव कापून तपासणं हेच आयुष्यभराचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे वाचून तुम्हाला आज रात्री थोडी झोप लागावी अशी फार इच्छा आहे.

आधी काकांचं. जी फुप्फुसं काढली ती बाबांची स्वतःची, आणि गाठ त्यांत होती. दात्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. ज्या घराने आपलं माणूस गेल्याच्या रात्री हो म्हटलं, त्या घराबद्दल असं बोललं जाऊ नये. काकांना एवढं जरूर सांगा.

आधी दिसलं कसं नाही, हे प्रत्येकजण विचारतो आणि विचारायलाच हवं. आयपीएफमध्ये फुप्फुसाचा खालचा आणि कडेचा भाग आपल्या जांभ्या दगडासारखा कडक आणि भोकाभोकांचा होतो. कॅन्सर बहुधा त्याच भागात उगवतो. एक-दीड सेंटिमीटरची गाठ त्या सगळ्या व्रणांतून सीटीवर वेगळी ओळखणं फार अवघड. पेट स्कॅनमध्ये कॅन्सर चमकतो, पण सूज आलेला भाग चमकतो, टीबीच्या गाठीही चमकतात, आणि आपल्या देशात टीबी किती ते काय सांगायचं. संशय आलाच तरी सुई घालून तुकडा घेणं अशा फुप्फुसात धोक्याचं. फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरू शकते, कधी आजारच एकाएकी भडकतो. त्यात दात्याची वाट पाहण्यात महिने जातात आणि तेवढ्यात गाठ वाढू शकते.

हे जगातल्या नावाजलेल्या केंद्रांतही घडतं. बहुतेक नोंदींत फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या शंभर जणांपैकी एक ते चार जणांच्या काढलेल्या फुप्फुसात असा अनपेक्षित कॅन्सर निघतो. फायब्रोसिस (फुप्फुस व्रण पडून कडक होणं) आणि एम्फिसीमा (फुप्फुसातले हवेचे कप्पे खराब होऊन फुगणं) असलेल्यांत प्रमाण जास्त. आयपीएफ स्वतःच फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो. बिडीने त्यात भर पडते, पण बिडी न ओढणाऱ्यांतही तो वाढलेला असतो. म्हणून बाबांना बिडीवरून कुणी बोलू नये.

आता तो सापडतो कसा, हे थोडं सांगते, कारण त्यावरून तुम्हाला रिपोर्ट वाचता येईल. काढलेलं फुप्फुस आम्ही श्वासनळीतून फॉर्मलिन भरून फुगवतो आणि मुरू देतो. मग त्याचे पातळ काप करतो. प्रत्येक काप डोळ्यांनी पाहायचा आणि बोटांनी चाचपायचा. निरोगी फुप्फुसात गाठ बोटाला लगेच लागते. फायब्रोसिसमध्ये सगळंच टणक, तिथे हाताचा कस लागतो. त्यानंतर प्रत्येक लोबमधून, म्हणजे फुप्फुसाच्या प्रत्येक भागातून, तुकडे घेऊन मेणाचे ब्लॉक, ब्लॉकवरून काचपट्ट्या. कित्येकदा डोळ्यांना काहीच वावगं दिसलेलं नसतं आणि मायक्रोस्कोपखाली कॅन्सर समोर येतो. जितके जास्त तुकडे घ्यावेत तितकं जास्त कळतं. तुमच्या बाबांची गाठ ज्याने शोधली त्याने मन लावून काम केलंय. ती तशीच राहून गेली असती तर पुढे पाळत ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

कॅन्सर गेला का, याचं उत्तर त्या रिपोर्टमध्येच आहे. म्हणून रिपोर्टची प्रत मागा. तो रुग्णाचा हक्क आहे, त्यासाठी संकोच नको. त्यात गाठ किती सेंटिमीटरची, कोणत्या प्रकारची, फुप्फुसाच्या वरच्या आवरणात म्हणजे प्लुरात शिरलीय का, रक्तवाहिन्यांत किंवा लसीकावाहिन्यांत पेशी दिसल्यात का, एकच गाठ आहे की अनेक, आणि सगळ्यात महत्त्वाचं, लिम्फ नोडमध्ये म्हणजे लसीकाग्रंथींत कॅन्सर आहे का ते पाहा. गाठ लहान, एकटी आणि नोड स्वच्छ, म्हणजे पहिली स्टेज असेल, तर अशा रुग्णांचं पुढचं आयुष्य इतर प्रत्यारोपण झालेल्यांच्या जवळपास जातं. नोडमध्ये कॅन्सर पोचलेला असेल तर तो परतण्याची शक्यता बरीच, आणि बहुधा पहिल्या दोनेक वर्षांत. हे तुमच्यापासून लपवणं मला बरोबर वाटत नाही.

इथे एक गोष्ट सहसा कुणी घरच्यांना सांगत नाही. कॅन्सरचं ऑपरेशन असतं तेव्हा सर्जन छातीच्या मधल्या भागातले नोडही मुद्दाम काढतात. प्रत्यारोपणात तसं करत नाहीत, कारण तिथे कॅन्सर आहे हे ठाऊकच नसतं. फुप्फुसाच्या मुळाशी चिकटून आलेले नोड तेवढे आमच्याकडे येतात. म्हणून रिपोर्टमध्ये नोड स्वच्छ असले तरी डॉक्टर पुन्हा सीटी किंवा पेट स्कॅन करायला सांगतील, कदाचित मेंदूचा एमआरआयही. ते सांगितलं म्हणून घाबरू नका, ती अर्धी राहिलेली तपासणी पूर्ण करणं आहे.

गोळ्यांबद्दल बंदरकरांनी लिहिलंय ते अगदी खरं. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन यांनी प्रतिकारशक्ती दबते आणि उरलेल्या कॅन्सरपेशींना त्याचा फायदा होऊ शकतो, तेव्हा आत्यांची भीती निराधार नाही. पण त्या बंद केल्या तर शरीर नवं फुप्फुस नाकारेल, आणि ते जिवावर बेतेल. डोस किती कमी करता येईल हे प्रत्यारोपणाची टीम रक्तातली पातळी बघून ठरवते. काही वेळा पुढे जाऊन एव्हरोलिमस किंवा सिरोलिमसकडे वळवतात, कारण ती औषधं पेशींची वाढही रोखतात. मात्र सुरुवातीच्या काळात ती देत नाहीत, श्वासनळीची शिवण भरून यायला त्यांनी अडथळा होतो. आणखी एक लक्षात ठेवा. कॅन्सरसाठी हल्ली जिचं फार नाव ऐकू येतं ती इम्युनोथेरपी प्रतिकारशक्ती मोकळी सोडते, त्यामुळे बदललेल्या अवयवाला तिचा मोठा धोका असतो. कुणी नातेवाइकाने सुचवली तर परस्पर कुठे सुरू करू नका.

माणसावर पहिलं फुप्फुस प्रत्यारोपण १९६३ साली अमेरिकेत मिसिसिपीमध्ये जेम्स हार्डी यांनी केलं, तो रुग्ण फुप्फुसाच्या कॅन्सरचाच होता. तो १८ दिवस जगला. पुढची वीस वर्षं कुणालाच धड यश आलं नाही. मग १९८३ मध्ये टोरांटोला जोएल कूपर यांच्या टीमने ज्याला वर्षानुवर्षं जगवलं तो रुग्ण फायब्रोसिसचा होता, तुमच्या बाबांसारखा. नंतरच्या काळात एका पसरट प्रकारच्या कॅन्सरसाठी मुद्दाम प्रत्यारोपण करून पाहिलं गेलं. काही रुग्णांत नव्या फुप्फुसातच तो कॅन्सर परतला, आणि जनुकीय तपासणीत त्या पेशी दात्याच्या नसून रुग्णाच्याच निघाल्या. एकापेक्षा जास्त गाठी आहेत का, हे मी रिपोर्टमध्ये पाहायला सांगते ते यासाठी.

आता माझा तुम्हाला एक प्रश्न. बाबा इंजिनमिस्त्री. जुन्या लाँचवर एक्झॉस्टच्या पाइपाला पांढरी दोरी किंवा पट्टी गुंडाळत, गॅस्केट कापून बसवत. ती बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉसची असे. बाबांनी ते काम केलंय का? अ‍ॅस्बेस्टॉसने होणारा फायब्रोसिस आयपीएफसारखाच दिसतो, आणि त्याने कॅन्सरचा धोका वाढतो, बिडीच्या जोडीने तर कितीतरी पटीने. फुप्फुस अख्खं हातात असताना आजाराचं मूळ नाव बदललेलं मी पाहिलंय. पण रुग्ण काय काम करायचा हे पॅथॉलॉजिस्टला कुणी कळवलेलंच नसतं. फॉर्मवर नाव, वय आणि ‘आयपीएफ’ एवढंच असतं.

पावसची_आमराई

डॉक्टरताईंनी वैद्यकीय सगळं लिहिलंय. मी फक्त सांगायचं की नाही याबद्दल लिहिते.

माझ्या मिस्टरांना एम्फिसीमा होता. फुप्फुसं बदलल्यावर त्यांच्याही जुन्या फुप्फुसात कॅन्सर निघाला, आणि त्यांच्या नोडमध्ये तो होता. दीर म्हणत होते सांगू नका, खचतील. मी डॉक्टरांनाच विनंती केली की माझ्यासमोर त्यांना सांगा. ते गप्प बसले. संध्याकाळी मला म्हणाले, भावांची वाटणी करून टाकू, सातबारावर नावं चढवू. गावी येऊन स्वतः तलाठ्याकडे गेले. धाकट्याला कलमं छाटायला शिकवलं, कुठल्या झाडाला कधी काय द्यायचं ते वहीत लिहून ठेवलं. कॅन्सर लिव्हरमध्ये परतला आणि ते गेले. पण त्या मधल्या काळात ते मोकळा श्वास घेत बागेत हिंडत होते. त्याआधी कित्येक वर्षं त्यांना बागेपर्यंत चालता आलं नव्हतं. तो काळ त्यांना कळून-सवरून मिळाला, याचं मला आजही समाधान आहे.

तुझे बाबा मशीनवाले आहेत. बिघाड कुठे आहे ते ऐकायची त्यांना आयुष्यभराची सवय असणार. तुझ्या चेहऱ्यावरून त्यांनी काहीतरी ताडलं असेल बघ. सांग बाळा त्यांना.

बाकी बारीकसारीक गोष्टी. कॅन्सरच्या उपचारासाठी रेल्वेच्या तिकिटात रुग्णाला आणि सोबत्याला सवलत मिळते, हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं. तू कणकवलीहून येत-जात असशील तर उपयोगी पडेल. आणि गणपतीत घरात पपनस असेल तर बाबांना अजिबात देऊ नका. त्याने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते, आम्हाला आहारतज्ज्ञांनी बजावून सांगितलं होतं. कच्ची कालवं नकोत. पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते त्या खोलीत झोपवू नका, पेंढ्याच्या माचापाशी जाऊ देऊ नका.

रत्नागिरीकर_६२

पावसच्या ताईंबद्दल पूर्ण आदर ठेवून वेगळं मत मांडतो. ऑपरेशनला अजून वर्षही झालेलं नाही. माणूस आत्ता कुठे चहा करायला उठलाय. मोठे डॉक्टर बोलेपर्यंत, निदान स्टेज कळेपर्यंत सांगू नये असं मला वाटतं. अर्धवट बातमी सगळ्यात वाईट. पूर्ण रिपोर्ट हातात आला की जरूर सांगा.

दापोलीची_पॅथॉलॉजिस्ट

रत्नागिरीकर, तुमचं म्हणणं मला पटतं, पण एका अटीवर. बाबांनी स्वतःहून विचारलं तर त्यांना खोटं सांगू नये. या आजारात पुढची काही वर्षं दर तीन-सहा महिन्यांनी स्कॅन होतील. प्रत्येक वेळी नवी सबब कुठून आणणार? एकदा का त्यांना वाटलं की घरचे लपवतात, की ते गोळ्यांच्या बाबतीतही कुणाचं ऐकणार नाहीत.

देवगडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. बंदरकर काका, तुमच्या मालवणीने रडू आलं.

मोठ्या डॉक्टरांची भेट झाली. रिपोर्टची प्रत मागितली, लगेच दिली. त्यातलं जसंच्या तसं लिहिते: उजव्या फुप्फुसाच्या खालच्या लोबमध्ये १.४ सेंटिमीटरची एक गाठ, अ‍ॅडिनोकार्सिनोमा. प्लुरात शिरलेली नाही. रक्तवाहिन्यांत पेशी नाहीत. श्वासनळीची कड स्वच्छ. तपासलेल्या ६ नोडपैकी एकातही कॅन्सर नाही. डावं फुप्फुस: फक्त फायब्रोसिस. डॉक्टर म्हणाले पेट स्कॅन करू, तो स्वच्छ आला तर केमो नाही, फक्त लक्ष ठेवायचं. गोळ्यांचा डोस पुढच्या भेटीत बघणार.

बाबांना भेटीला सोबतच नेलं. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. बाबांनी विचारलं, गाठ होती तो भाग बाहेर काढून टाकलाय ना, मग आता काय राहिलं? डॉक्टर म्हणाले, राहिलं नसावं, पण खात्री करत राहायचं. बाबा म्हणाले, ठीक आहे, करू.

डॉक्टरताई, दोरीचं विचारलं. बाबा म्हणाले, हो, पांढरी दोरी, कापसासारखी पिंजली जायची. जुनी दोरी कोरडीच तोडून काढायची आणि नवी गुंडाळायची, तेही इंजिनरूममध्ये, जिथे वारा येत नाही. धाकटे काका त्यांच्या हाताखाली तेच काम शिकले आणि अजून करतात. आमच्या कुणाच्या डोक्यातच हे कधी आलं नव्हतं. आता काय करू?

दापोलीची_पॅथॉलॉजिस्ट

रिपोर्ट वाचून फार बरं वाटलं. यात लिहिलंय त्याप्रमाणे ही पहिल्या स्टेजमधली, लवकरची गाठ आहे. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय ते योग्यच आहे.

आता दोरीचं. एका साध्या पानावर बाबांचं काम लिहून काढा: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या प्रकारची इंजिनं, दोरी आणि गॅस्केट कशी हाताळायचे, तोंडाला काही बांधायचे का. ते पान प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना द्या आणि पॅथॉलॉजी विभागाला पाठवायला सांगा. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धाग्यांभोवती लोहाचं आवरण चढून जे दाणे तयार होतात ते शोधायला लोहाचा एक खास रंग वापरतात. ती साधी, स्वस्त तपासणी आहे आणि ठेवलेल्या ब्लॉकवर आजही करता येते. दाणे सापडले तर बाबांच्या उपचारात फार फरक पडणार नाही, पण काकांसाठी आणि बंदरावरच्या सगळ्या मिस्त्रींसाठी पडेल. सापडले नाहीत म्हणून काकांचा धोका संपला असंही नाही, कारण पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे फुप्फुसात तितके टिकत नाहीत.

काकांना त्या निकालाची वाट पाहू देऊ नका. छातीच्या डॉक्टरांकडे नेऊन फुंकण्याची चाचणी आणि सीटी करून घ्या. बिडी असेल तर आजपासून बंद. आपल्याकडे पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर अजून सरसकट बंदी नाही, तेव्हा दुकानदार देईल ती दोरी घेऊ नका, अ‍ॅस्बेस्टॉस नसलेली काचतंतूंची किंवा सिरॅमिकची पट्टी मागा. जुनी दोरी काढायचीच असेल तर आधी पाण्याने चिंब भिजवायची, चांगला मास्क लावायचा, आणि ते कपडे घरी आणून झटकायचे नाहीत. घरच्या बायका कपडे धुताना तोच धुरळा ओढतात.

दुसरं मत हवं असेल तर ब्लॉक आणि काचपट्ट्या घेऊन परळच्या टाटा मेमोरियलमध्ये दाखवता येतात. गाठीच्या ब्लॉकवर ईजीएफआर या जनुकातला बदल शोधणारी तपासणी करता येईल का तेही विचारा. आज तिची गरज नसेल, पण भारतीयांच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात, म्हणजे बाबांना निघालेल्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये, हा बदल बऱ्याच जणांत सापडतो, आणि पुढे कधी वेळ आलीच तर त्यावर गोळी आहे. ब्लॉक मागताना रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यातला नमुना क्रमांक अर्जावर लिहा, नाहीतर शोधायला दिवस जातात. आणि सगळे ब्लॉक एकदम घेऊ नका, गाठीचा निदान एक तरी हॉस्पिटलकडेच राहू द्या.